गुडघे ऐकणारा माणूस

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न नोकरीचा विचारला नाही, गावाचा नाही, लग्न कधी करणार याचाही नाही. ते म्हणाले, "दोन उठाबशा काढा."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"काढा, काढा, लाजू नका. खोली वरच्या मजल्यावर आहे, रोज जिना चढायचाय. आधी मला गुडघे ऐकू द्या."

मी ओढणी सावरून दोन उठाबशा काढल्या. ते माझ्याजवळ खाली टेकून, मान वाकडी करून, डोळे मिटून ऐकत होते. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको पदराला हात पुसत उभी होती. तिला ना हसू आलं होतं, ना संकोच वाटत होता. दूधवाला आलाय आणि आता दूध मोजून घ्यायचंय, तसं ती बघत होती.

"उजवा मुका आहे," डोळे उघडून ते म्हणाले. "डावा कुरकुऱ्या. पण राहा. होईल सरळ."

द्वारका नावाच्या चौकामागच्या गल्लीतली ती खोली मला अशी मिळाली. सिन्नरच्या एका कारखान्यात मी नुकतीच लागले होते. कारखान्याची बस सकाळी चौकातून सुटायची. त्यामुळे खोली सोयीची होती आणि माणूस गमतीचा वाटला. त्या घरात मी चार वर्षं राहिले. त्यातली पहिली तीन मी या माणसाच्या गोष्टी कारखान्यातल्या मैत्रिणींना डबा खाताना सांगून हसवत असे. आता सांगताना हसू येत नाही.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. तरुणपणी ते शिडी न लावता खांबावर चढायचे, असं ते स्वतःच सांगत. अंगाने काटक, केस सगळे पांढरे, अंगात कायम बाह्यांची बनियन आणि गुडघ्याच्या वर संपणारी खाकी चड्डी. गुडघे दिसले पाहिजेत, हा त्यामागचा विचार. पहाटे उठून ते जवळच्या बागेत जायचे आणि तिथे उलटे चालायचे. हातात जुन्या स्कूटरचा आरसा धरलेला, त्यात मागचा रस्ता बघत, पाठमोरे, चांगल्या वेगात. नवीन माणूस दचकून बाजूला व्हायचा. जुने लोक "नमस्कार साहेब" म्हणून वाट द्यायचे.

"माणूस जन्मभर पुढे चालतो," ते सांगायचे, "म्हणून गुडघ्याची वाटी पुढून झिजते. थोडं मागे चाला, ती जागेवर येते." जिनाही त्यांनी आम्हाला उलटा उतरायला लावला होता. त्यासाठी कठड्याला एक जाड दोर बांधून दिलेला. माझे आईवडील पहिल्यांदा मला भेटायला आले, तेव्हा वडिलांना तो दोर धरून पाठमोरे उतरावं लागलं. काका खाली उभे राहून "शाब्बास" म्हणत होते. वडील पुढे बरेच दिवस फोनवर आधी त्या जिन्याची चौकशी करायचे आणि मग माझी.

बागेत चालणं झालं की कडुनिंबाखालच्या बाकावर त्यांचा दरबार भरे. बहुतेक लोक साठीच्या पुढचे, काही बायकाही. एकेकाने पाय पुढे करायचा. काका गुडघ्याच्या वाटीवर तळवा ठेवून पाय हळूहळू वाकवायला लावत आणि कान खाली नेत. मग निकाल. कुरकुऱ्या म्हणजे नुसता आवाज करणारा. रडका म्हणजे जिना उतरताना दुखणारा. रुसका म्हणजे बराच वेळ मांडी घालून बसल्यावर उठू न देणारा. प्रत्येकाचा व्यायाम वेगळा, प्रत्येकाचं तेल वेगळं. सगळ्यात शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "वाटी दुखते म्हणजे ती बोलते. बोलणाऱ्याला कुणी डॉक्टरकडे नेतं का?"

लोक हसत. लोकांना बरंही वाटत असे. हे मी नाकारत नाही, कारण मलाही बरं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी माझा डावा गुडघा दुखायला लागला. कारखान्यात लोखंडी जिने होते, दिवसभर वरखाली करावं लागे. संध्याकाळी बसमध्ये पाय दुमडून बसलं की वाटीच्या मागे कुठेतरी खोल ठणकायचं. उभं राहताना आधी पाय झटकून घ्यावा लागे. काकांनी आनंदाने कान लावला आणि "रडका" असा निकाल दिला. भिंतीला पाठ लावून अर्धवट खाली सरकायचं, तसंच थांबायचं, असा व्यायाम दिला. मी तो केला, पण मनात धाकधूक होती, म्हणून एका शनिवारी कुणाला न सांगता हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

त्या डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी वाटी इकडून तिकडे हलवून बघितली, मांडीचे स्नायू दाबून बघितले आणि म्हणाल्या, "वाटी घसरते ती मांडीच्या स्नायूंच्या जोरावर. तुमचे स्नायू कच्चे आहेत आणि जिने फार होतायत. व्यायाम करा, काही दिवस जिने टाळा. एक्स-रे फोटोची सुद्धा गरज नाही."

मी सुटकेने उठले. तेव्हा त्यांनी मला परत बसवलं.

"एक नीट ऐकून जा. असलं दुखणं महिनाभर राहिलं तरी घाबरायचं नाही. पण कधी पडलात आणि गुडघा लगेच टम्म सुजला, पायावर भार देता येईना, पाय सरळ ठेवून पलंगावरून उचलता येईना, तर घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी यायचं. गुडघा लाल, गरम झाला आणि अंगात ताप आला, तरीही. आणि तेव्हा कुणी चोळून देतो म्हणालं तर चोळू द्यायचं नाही."

दीड-दोन महिन्यांत माझा गुडघा बरा झाला. काकांनी मला बागेत बोलावून बाकासमोर उभं केलं. "हिचा रडका होता. आता बघा."

मी म्हटलं, "काका, मी डॉक्टरांकडेही गेले होते."

"मग? डॉक्टरने काय दिलं?"

"व्यायाम."

ते इतके मोठ्याने हसले की बाकावरचे सगळे हसले. "व्यायामच ना? मग मी काय वेगळं सांगत होतो?"

मीही हसले. कारण खरोखरच ते वेगळं सांगत नव्हते. पुढे खूप उशिरा माझ्या लक्षात आलं, की त्यांच्याकडे येणारे बहुतेक गुडघे असेच होते. थोडा आराम, थोडा व्यायाम आणि थोडे दिवस गेले की आपसूक बरे होणारे. ते सगळे गुडघे त्यांच्या नावावर जमा होत गेले. जे बरे झाले नाहीत, ते लोक बागेत यायचे बंद झाले. न येणाऱ्याचा आवाज बाकावर कुणाला ऐकू येणार?

एक प्रसंग मात्र मी तेव्हाच बघितला होता. एका उन्हाळ्यात काकांचा डोळा लाल झाला. सकाळी बागेतून आले, आरशात बघितलं आणि अकरा वाजायच्या आत रिक्षा बोलावून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. बायकोला बरोबर यायला लावलं, कारण थेंब घातल्यावर दिसत नाही. तीन दिवस घरात काळा चष्मा लावून बसले आणि वेळेवर थेंब घालून घेतले. मी गमतीने म्हटलं, "काका, डोळा बोलत होता ना?" ते म्हणाले, "डोळ्याची गोष्ट वेगळी." मला तेव्हा वाटलं, वेगळी म्हणजे डोळा नाजूक असतो. त्यांना म्हणायचं होतं, डोळा माझा आहे.

काकू मखमलाबादच्या. माहेरी भाजीपाल्याचा आणि फुलांचा मळा. बोलणं तिकडचंच राहिलेलं. त्या "हाय" म्हणाल्या की काका दुरुस्त करायचे, "आहे." त्या "आहे" म्हणायच्या आणि पुढच्याच वाक्याला परत "हाय." मूलबाळ नव्हतं. दिवसभर त्या खाली बसून झाडायच्या, खाली बसून निवडायच्या, ओट्याशी उभ्या राहायच्या आणि उठताना डाव्या हाताने जमीन रेटायच्या. त्यांचे गुडघे दुखत होते हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण अख्ख्या द्वारकेचे गुडघे ऐकणाऱ्या त्या माणसाने बायकोच्या गुडघ्याला कधी कान लावल्याचं मला आठवत नाही. एकदा मी विचारलं, "काकू, तुमचे कुठल्या प्रकारचे?" त्या म्हणाल्या, "माझे कामाचे हायेत, पोरी. त्यांना नाव नाय."

चौथ्या वर्षी दिवाळीला मी गावी गेले. जाताना काकू माळ्यावरचे पितळी डबे काढायच्या तयारीत होत्या. परत आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, दारातली रांगोळी पुसट झाली होती आणि घरात एरंडाच्या पानांचा आणि तिळाच्या तेलाचा वास भरून राहिला होता.

काकू आतल्या खोलीत पलंगावर होत्या. डबे काढताना स्टुलावरून घसरल्या आणि उंबऱ्याच्या दगडावर गुडघ्यावरच आपटल्या होत्या. त्याला दोन आठवडे व्हायला आले होते. पायाला फडकी गुंडाळलेली, आत पानं. पोटरीपासून घोट्यापर्यंत कातडी निळी-पिवळी पडली होती.

"लय सुजलं व्हतं," त्या म्हणाल्या. "आता कमी हाय."

"डॉक्टर?"

त्यांनी बाहेरच्या खोलीकडे बघितलं. बाहेर काका कुणाला तरी फोनवर सांगत होते, की भुजंगासनाने काय काय होतं.

"काकू, पाय सरळ ठेवून उचला बरं. गुडघा न वाकवता."

त्यांनी प्रयत्न केला. मांडी थरथरली, चेहरा आवळला गेला, टाच गादीवरून तसूभरही हलली नाही. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हात दे इकडं." माझा हात त्यांनी फडक्यावरून वाटीवर नेला. "हितं. मधी खड्डा हाय बघ. मला रोज लागतो हाताला. त्यांना सांगितलं तर म्हणतेत, सूज उतरतीया."

माझ्या बोटाखाली वाटीच्या मधोमध खरंच पोकळी होती. वर एक तुकडा, खाली एक तुकडा.

मी बाहेर गेले. काकांनी फोन ठेवला होता.

"काका, वाटी फुटलीय. त्यांना आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

"फुटली असती तर बाई ओरडली असती. बघ, शांत पडलीय."

"त्यांना पाय उचलता येत नाहीये."

"दोन आठवडे पडून राहिली की कुणालाही येत नाही. उद्यापासून मी चालवणार आहे तिला. रोज सकाळ-संध्याकाळ चोळतोय मी. स्वतःच्या हाताने." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. तळवे उघडून दाखवले. तेल चकाकत होतं.

"चोळायचं नसतं, काका. निदान फोटो तरी काढू. त्यात काही नाही निघालं तर मी तुमची माफी मागेन. बागेत सगळ्यांसमोर मागेन."

बाग हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि त्यांचा चेहरा बदलला. एरवी ते मला अगंतुगं करायचे. आता "तुम्ही" वर आले.

"तुम्ही या घरात भाडेकरू आहात. वरच्या मजल्यावर. माझ्या बायकोचं काय करायचं ते मी बघेन. आणि समजा नेलं, उद्या लोक मला काय विचारतील? की साहेब, घरच्या बाईला दवाखान्यात न्यावं लागलं?"

एवढं स्वच्छ बोलून गेल्यावरही त्यांना काही वाटलं नाही. ते पानं बदलायला आत निघून गेले. मी दारातून बघत राहिले. ते फडकं फार हळुवारपणे सोडत होते. त्यांना बायकोविषयी माया नव्हती असं मला म्हणता येत नाही, आणि त्यामुळे सगळं जास्तच कडू होतं. त्यांनी तो पाय हलकेच उशीवर ठेवला, पुन्हा तेल घेतलं, आणि फुटलेल्या वाटीवर अंगठे दाबून चोळायला लागले. काकूंनी पदर तोंडात घातला.

वर जाऊन मी काकूंच्या भावाला फोन केला. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, दसऱ्याला त्यांच्याकडून झेंडू येत असे. ते म्हणाले, "दाजी तर सांगत व्हते, पाय मुरगाळलाय." मी खड्ड्याचं सांगितलं. तेव्हा म्हणाले, "सकाळी येतो."

सकाळी ते फुलांची पिकअप घेऊन आले. बरोबर त्यांची बायकोही होती. मागे गादी टाकलेली, हौद्यात झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. काका नुकतेच बागेतून परतले होते आणि दारात आडवे उभे राहिले.

"कुठे?"

"दवाखान्यात. मागून या, नाहीतर नका येऊ," भाऊ म्हणाले.

"माझ्या परवानगीशिवाय?"

भाऊंनी आवाज चढवला नाही. "दाजी, ती माझी बहीण हाय. आम्ही तुमाला ती चालत दिली व्हती."

आम्ही तिघांनी काकूंना चादरीत उचललं. गल्लीतले लोक दारात आले होते. काकूंना वेदनेपेक्षा त्या लोकांची लाज वाटत होती, त्या सारख्या म्हणत होत्या, "काय नाय, काय नाय, नुस्तं दाखवून यायचं." काका पिकअपमध्ये चढले नाहीत. दाराला आतून कडी घातल्याचा आवाज मी ऐकला.

फोटोत लपवण्यासारखं काही नव्हतं. वाटीचे दोन तुकडे, मध्ये बोटभर अंतर. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "कधी पडल्या?" भाऊंनी सांगितलं. डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "त्याच दिवशी आणलं असतं तर सरळ काम होतं. आता वरचा तुकडा स्नायूने ओढून नेलाय, सगळं आखडलंय. जोडू. पण पूर्वीसारखा वाकेल असं सांगू शकत नाही." मग त्यांनी विचारलं, "चोळलंय का कुणी?" काकू म्हणाल्या, "मीच चोळलं."

तारेने वाटी जोडली. नंतर बरेच महिने काकू मखमलाबादला राहिल्या. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. मी रविवारी जायचे. पाय थोडा वाकायचा आणि अडायचा. त्यापुढे काकू ओठ चावायच्या, मुलगी म्हणायची "बस, बस". एका रविवारी काकू पडवीत बसून हार करत होत्या. पाय समोर लांब पसरलेला.

मी विचारलं, "काकू, खड्डा हाताला लागत होता, तर भावाला फोन का नाही केलात?"

त्या सुईत फुलं ओवत राहिल्या. "मला दुखत व्हतं ते मला कळत व्हतं. पण ते रोज म्हणायचे, दुखत नाय, सूज हाय. रोज म्हणायचे. मग मलाच वाटाया लागलं, आपल्यालाच कळत नसंल."

इकडे बागेतला दरबार चालूच होता. मला तो वृत्तांत गल्लीतल्या एका बाईंकडून कळला. काका सांगत होते, की दोन आठवड्यांत त्यांनी सूज जवळजवळ उतरवली होती, आणखी आठ दिवस मिळाले असते तर बाई चालली असती. पण माहेरच्यांनी घाई केली, दवाखान्याने वाटीत तार घातली आणि पाय कायमचा गेला. "मी म्हणत होतो ना?" असं ते म्हणायचे, आणि बाकावरचे लोक माना हलवायचे. त्या लोकांना काकूंचा पाय हा डॉक्टरकडे गेल्यावर काय होतं याचा पुरावा म्हणून मिळाला.

मला त्यांनी खोली सोडायला सांगितली, तेही थेट नाही. जिन्याचा दोर एक दिवस काढून टाकलेला दिसला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नात्यातली माणसं येणार आहेत राहायला." मी इंदिरानगरला गेले. काकू मात्र पुन्हा त्यांच्याकडे परतल्या. भावाने अडवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्यांना चहा पन करता येत नाय."

गेल्या वर्षी काका गेले. सकाळी उठलेच नाहीत. बागेतल्या मंडळींनी श्रद्धांजलीची सभा ठेवली. त्याच बाकाशेजारी एक छोटा मांडव, हार घातलेला फोटो, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मला काकूंसाठी जायचं होतं, म्हणून गेले. त्या पहिल्या रांगेत कडेला बसल्या होत्या. शेजारी कुबडी. डावा पाय सरळ पुढे, वाटेत आलेला.

एकामागून एक माणसं बोलायला उठली. एकाने सांगितलं, साहेबांमुळे मी पुन्हा गडावर चढलो. दुसऱ्याने सांगितलं, डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते, साहेबांनी वाचवलं. एका बाईंना तर रडूच आवरेना. त्या म्हणाल्या, माझा गुडघा त्यांनी नुसता ऐकून बरा केला. प्रत्येकजण बोलायला जाताना काकूंच्या पायाला वळसा घालून पुढे जात होता. नमस्कारही करत होता. कुणाच्याही नजरेला तो पाय दिसला नाही, म्हणजे ज्या अर्थाने मला दिसत होता त्या अर्थाने.

मी उठून बोलावं असं एकदा मनात आलं. काकूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मी काय बोलणार होते, ते त्यांना कसं कळलं कोण जाणे.

सभेचं संचालन करणारे गृहस्थ घाईघाईने माईककडे निघाले आणि काकूंच्या पावलाला अडखळले. पडले नाहीत, पण हातातले कागद विस्कटले. ते गोळा करत, फार अदबीने, ते वाकून म्हणाले, "वहिनी, पाय जरा आत घेता का? लोकांना जायला यायला त्रास होतोय."

काकूंनी त्यांच्याकडे वर बघितलं.

"नाय येत आत," त्या म्हणाल्या.

त्या गृहस्थांनी "बरं, बरं" म्हटलं, कागद नीट लावले आणि माईकपाशी जाऊन पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.